सांडोरची वाळू आणि वसईचा चिखल

वसईच्या किल्ल्याचा नकाशा समोर ठेवला म्हणजे एक गोष्ट प्रथमदर्शनींच लक्षांत येते. दक्षिणेस खाडीचें रुंद मुख, पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस तिवरांचें खाजण आणि त्यांतून वळसे घेत शिरलेले खाऱ्या पाण्याचे फांटे. राहतां राहिली उत्तर दिशा. तेवढ्या एकाच बाजूनें माणसाला कोरड्या पायांनीं किल्ल्याच्या तटापर्यंत येतां येत असे, आणि ती बाजू सांडोर गांवाची. आज सांडोर हें वसई-विरार महानगरपालिकेच्या परिसरांत आणि २०१४ सालीं ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत मोडतें. सेंट थॉमसचें जुनें चर्च, वाड्या, विहिरी आणि पलीकडे समुद्राची पुळण, एवढीच त्याची ओळख सामान्य प्रवाशाला होते. परंतु वसईच्या इतिहासांत दोन वेळां किल्ल्याचें भवितव्य ह्याच कोरड्या पट्ट्यावर ठरलें, आणि त्याचें कारण शौर्याइतकेंच भूगोलांत आहे. तीन बाजूंनीं ज्या चिखलानें आणि भरतीनें किल्ल्याची राखण केली, त्यांचा अंमल चौथ्या बाजूस चालत नव्हता.

एकाच गांवाच्या एका अंगास वाळू आणि दुसऱ्या अंगास चिखल, हा भेद कसा पडतो तें प्रथम पाहिलें पाहिजे. उल्हास नदी राजमाचीजवळ सह्याद्रींत उगम पावून कल्याण-ठाण्याच्या अंगानें येते आणि घोडबंदरच्या डोंगरांना वळसा घालून वसईच्या खाडीच्या रूपानें समुद्रास मिळते. पावसाळ्यांत ती जो गाळ वाहून आणते त्याचा कण पिठाहूनहि बारीक असतो. उघड्या किनाऱ्यावर, जेथें लाटांचा मारा सारखा चालू असतो, तेथें असा कण ठरूं शकत नाहीं. लाट त्याला उचलून नेते आणि जड वाळू तेवढी मागें राहते. उलट खाडीच्या आडोशास, तिवरांच्या मुळांत, भरतीचें पाणी घटकाभर निश्चल होतें, आणि त्या घटकेंत गाळ तळाशीं बसतो. रोज दोन भरत्या ह्याप्रमाणें शेंकडों वर्षें हें काम अव्याहत चाललें आहे. वाळूंतून पाणी झिरपून जातें, म्हणून ओली वाळू पायाखालीं घट्ट लागते. गाळ पाणी सोडीत नाहीं. वरून सपाट, चकचकीत, एखाद्या सारवलेल्या अंगणासारखा दिसणारा गाळ पाऊल पडतांच गुडघ्यापर्यंत, प्रसंगीं मांडीपर्यंत माणसाला आंत घेतो. चिखलानें माणूस बुडत नाहीं, तो अडकतो. आणि अडकलेल्या माणसाकडे पाणी आपल्या ठरलेल्या वेळीं चालत येतें. किनाऱ्यावरील बहुतेक अपघातांचें स्वरूप असेंच असतें.

ही ठरलेली वेळ कोणती, हें कोंकणच्या किनाऱ्यावरील लोकांना घड्याळ येण्यापूर्वींपासून ठाऊक आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां आणि पौर्णिमा किंवा अमावास्या असली तर सुमारें सव्वाअकरा वाजतां समुद्र भरलेला असतो. सकाळीं एकदां, रात्रीं एकदां, किंवा दुपारीं आणि उत्तररात्रीं. कृष्णपक्षांत पुन्हां प्रतिपदेपासून मोजावयाचें. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. हें मान ठोकळ आहे, आणि वाऱ्याच्या जोरानें व जागेच्या फरकानें अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. तरी त्यामागील शास्त्र खरें आहे. चंद्र दररोज मागील दिवसापेक्षां सरासरीनें पन्नास मिनिटें उशिरा मध्यान्हास येतो, म्हणून भरतीहि रोज तितकीच पुढें सरकते. अमावास्येस आणि पौर्णिमेस सूर्य व चंद्र एका रेषेंत येऊन पाण्यास ओढतात, तेव्हां उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनांत पडते, तेव्हां भांग पडतो. मुंबई बंदरांत मोठ्या उधाणास ओहोटी व भरती ह्यांमधील अंतर चार ते पांच मीटरपर्यंत जातें; भांगाच्या दिवसांत तें निम्म्यावर किंवा त्याहूनहि खालीं येतें.

ह्या गणितास शास्त्रीय रूप देण्याचें काम ह्याच किनाऱ्यावर झालें. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ सालापासून भरतीमापक यंत्राच्या नोंदी ठेवल्या गेल्या असून हिंदी महासागरांतील अति दीर्घ नोंदींत त्यांची गणना होते. पुढच्याच वर्षीं, १८७९ सालीं, हिंदुस्थानांतील बंदरांच्या भरत्या आधीं वर्तविण्यासाठीं लंडनमध्यें दांतेरी चाकांचें एक मोठें यंत्र तयार करविण्यांत आलें. आज भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें प्रसिद्ध करतो, आणि त्यांत वेळा मिनिटांपर्यंत दिलेल्या असतात. पण खिशांत कोष्टक नसलें तरी तिथी माहीत असलेल्या माणसाला समुद्र अनपेक्षित भेटत नाहीं.

समुद्राच्या ह्या चालीची दखल घेणारा एक प्राचीन ग्रंथ वसईच्या परिसराशीं निगडित आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक समुद्रवर्णनांत भडोचच्या मुखाशीं येणाऱ्या भरतीचें वर्णन आहे. क्षणापूर्वीं जेथें गलबतें चालत होतीं तेथें कोरडा तळ उघडा पडतो, आणि भरती आली म्हणजे नदीचा प्रवाह उलटा फिरून नवख्या माणसांचीं तारवें उपडीं होतात, अशा आशयाचा मजकूर तो देतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. परकीय तारवें नुसत्या हिमतीवर आंत येऊं शकत नसत. तेथील राजाच्या चाकरीतील कोळी आपल्या होड्या घेऊन पार काठेवाडच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, आणि भरतीबरोबर पुढें सरकत व ओहोटीस नांगर टाकीत त्यांना बंदरांत आणून पोंचवीत. जागेची आणि वेळेची माहिती असलेला स्थानिक मनुष्य बरोबर घेणें, ही दोन हजार वर्षांपूर्वीं राज्यव्यवस्थेची बाब होती. ह्याच ग्रंथांत पुढें दक्षिणेकडील बंदरांची नांवें सांगतांना सोपाऱ्याचें नांव येतें. सोपारा म्हणजे आजचें नालासोपारा, सांडोरपासून अगदीं जवळ. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं तेथील स्तूप उकरला, आणि तेथें अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाहि मिळाला. एवढ्या नांवाजलेल्या बंदराची खाडी पुढें गाळानें भरत गेली आणि आज तेथें समुद्रगामी गलबत शिरण्याचा प्रश्नच उरलेला नाहीं. चिखल जशी राखण करतो तसा तो गिळतोहि.

पोर्तुगीजांनीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्याच्याशीं २३ डिसेंबर १५३४ रोजीं तह करून वसई पदरांत पाडून घेतली. दोनशें वर्षें ती त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी राहिली. किल्ल्याची जागा निवडणाराची नजर समुद्रावर होती, आणि त्या काळाच्या मानानें ती निवड चोख होती. पोर्तुगीजांचें बळ आरमारांत. जोंपर्यंत समुद्राच्या दरवाज्यानें दाणागोटा व दारूगोळा आंत येत होता, तोंपर्यंत जमिनीवरून वेढा घालणारास वाट पाहत बसण्यापलीकडे फारसें कांहीं करतां येण्यासारखें नव्हतें. पूर्वेच्या खाजणांतून तोफ नेणें अशक्य. तिचीं चाकें पहिल्याच खाचरांत बसावयाचीं. पश्चिमेच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळीं माणसें उतरवितां येतील, पण सहा तासांत तीच पुळण पाण्याखालीं जावयाची आणि हल्ला करणारे तटाच्या व लाटांच्या कात्रींत सांपडावयाचे. तेव्हां बांधकामाचा मुख्य जोर उत्तरेच्या बाजूस देण्यांत आला यांत नवल नाहीं. सांडोरकडे तोंड करून सां सेबास्तियन आणि रेमेदियुश हे दोन बळकट बुरूज उभे राहिले. डॉ. जर्सन द कुन्हा ह्यांनीं १८७६ सालीं चौल व वसई ह्यांच्या इतिहासावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो आजहि ह्या विषयाच्या अभ्यासकांना टाळतां येत नाहीं. तो हातीं घेऊन ह्या बुरुजांपाशीं उभें राहिलें म्हणजे पुढील हकीकत अधिक चांगली उमगते.

१७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टीवर चाल केली. अणजूरच्या नाईक घराण्यांतील गंगाजी नाईक ह्यांच्यासारख्या, खाडीच्या कांठींच ज्यांचा जन्म गेला अशा माणसांची त्यांना साथ होती, आणि ठाण्याची खाडी ओलांडून साष्टींत उतरण्याच्या कामीं ही साथ किती मोलाची ठरली असेल हें सांगावयास नको. देशावरील शिपाई घोड्यावर बसून नर्मदा ओलांडील, परंतु खाडीच्या चिखलांत त्याला पाऊल कोठें टाकावें हें दाखविणारा लागतो. ठाणें हातीं आलें, अर्नाळा आला. वसई मात्र आली नाहीं. त्याच वर्षीं शिड्या लावून तट चढण्याचे प्रयत्न झाले ते फसले. शंकराजी केशव फडके ह्यांनीं बहादूरपुऱ्याकडील बाजू धरून ठेवली आणि दोन वर्षें वेढ्याचें काम कधीं जोरानें, कधीं मंदगतीनें चालत राहिलें.

१७३९ च्या आरंभीं चिमाजीअप्पा स्वतः कोंकणांत उतरले तेव्हां त्यांनीं जो क्रम धरला तो ह्या दृष्टीनें फार विचार करण्याजोगा आहे. वसईच्या तटास हात घालण्याआधीं त्यांनीं तिच्या पाण्याच्या वाटा बंद करण्याचा उद्योग केला. उत्तरेस माहीम व तारापूर, दक्षिणेस वेसावें, आणि खाडीच्या पलीकडच्या तीरावर वसईच्या समोरच असलेली धारावी, हीं ठाणीं एकामागून एक घेण्यांत आलीं. (ही धारावी उत्तन-डोंगरीकडील, मुंबईच्या धारावीशीं तिचा संबंध नाहीं. पुष्कळ पुस्तकांत हा घोटाळा आढळतो.) धारावी गेली म्हणजे खाडीच्या तोंडावर दोन्ही बाजूंनीं नजर राहिली. पोर्तुगीजांना जो समुद्र मित्र म्हणून लाभला होता तो आतां निदान तटस्थ झाला, आणि सारा भार उत्तरेच्या भिंतीवर आला.

तेथें मराठ्यांना आणखी एक शत्रु होता, तो म्हणजे पाऊस. वेढा फेब्रुवारींत आवळला गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यांत मृगाचा पाऊस पडला कीं मोर्चे, खंदक, सुरुंग सगळें पाण्यानें भरून जावयाचें. सांडोरकडील कोरडा पट्टाहि चार महिने कोरडा राहावयाचा नाहीं. म्हणजे जें कांहीं करावयाचें तें मे महिन्याच्या आंत. सुरुंगाचें काम मुळांत कोरड्या भुईचें काम आहे. पूर्वेच्या बाजूस हातभर खणलें कीं खारें पाणी वर येतें. तेथें सुरुंगाची दारू ठेवणार कोठें? उत्तरेच्या बाजूस मात्र भुयारें खणीत तटाच्या पायापर्यंत जातां आलें. आंतील लोक स्वस्थ बसले नव्हते. त्यांनीं मोर्च्यांवर छापे घातले, गोळ्यांचा व हातबॉम्बांचा वर्षाव केला, आणि त्यांचा सेनानी मार्तिन्यो द सिल्व्हेरा ह्या लढाईंतच कामास आला. त्याच्या जागीं काएतान द सौझा परेरा आला. मेच्या दुसऱ्या आठवड्यांत सुरुंग उडूं लागले. तटास खिंडार पडतांच मराठे त्यांत घुसले, आणि एक सुरुंग उशिरा पेटून त्यानें आपल्याच माणसांचा घात केला, असें इतिहासकार सांगतात. तरी हल्ले थांबले नाहींत. सेबास्तियनचा बुरूज ढासळला, रेमेदियुशला खिंडार पडलें, आणि १६ मे १७३९ रोजीं परेरानें तहाच्या कलमांवर सही केली. मराठ्यांच्या स्वतःच्या हिशेबानें पांच हजार माणूस ठार व जखमी झालें. तीन बाजूंनीं निसर्गानें जें काम विनामूल्य केलें होतें त्याची किंमत चौथ्या बाजूस अशी एकरकमी मोजावी लागली.

चंद्राच्या गतीवरून गणित केलें तर १६ मे हा दिवस वैशाख शुद्ध नवमीच्या आसपास पडतो. म्हणजे निकराची लढाई झाली ते दिवस भांगाचे. पाणी फारसें चढत नव्हतें आणि फारसें उतरतहि नव्हतें. तहान्वयें पोर्तुगीजांस किल्ला खालीं करण्यासाठीं आठ दिवसांची मुदत मिळाली. शिपायांनीं हत्यारांनिशीं, वाजतगाजत बाहेर पडावें आणि रहिवाशांनीं आपली चीजवस्तु घेऊन जावें असें ठरलें. मराठे किल्ल्यांत शिरले तो दिवस २३ मे, आणि त्याच गणितानें तो वैशाखी पौर्णिमेच्या लगतचा येतो. बायकामुलें, धर्मगुरु, देवळांतील मौल्यवान वस्तु आणि उरलेली शिबंदी ह्यांनीं लादलेलीं गलबतें मुंबईकडे निघालीं तीं उधाणाच्या पाण्यावर. मुदत ठरवितांना हा विचार कोणीं केला होता कीं नव्हता, हें कागदपत्रांवरून सांगतां येण्यासारखें नसलें, तरी जड गलबत गाळावर टेकूं न देतां बाहेर काढावयास ह्याहून सोयीचे दिवस त्या पंधरवड्यांत दुसरे नव्हते.

मराठ्यांनीं वसईस बाजीपूर असें नांव दिलें, शंकराजी केशव तेथें सरसुभेदार झाले, परंतु भूगोल तोच राहिला. एकेचाळीस वर्षांनीं, नोव्हेंबर १७८० मध्यें, इंग्रजांचा सेनापति गॉडर्ड सुरतेहून खुष्कीच्या मार्गानें वसईवर आला. त्यानेंहि चिखलाच्या बाजूचा नाद केला नाहीं. कोरड्या जमिनीवरून पद्धतशीर मोर्चे बांधीत, तोफा टप्प्याटप्प्यानें पुढें सरकवीत तो तटाजवळ आला आणि ११ डिसेंबर रोजीं किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. जें काम चिमाजीअप्पांस तीन महिने आणि हजारों माणसें खर्चून करावें लागलें तें गॉडर्डनें महिन्याभरांत केलें, ह्याचें श्रेय मुख्यतः त्याच्या तोफांना आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई मराठ्यांकडे परत आली. पुढें १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावानें ह्याच गांवीं जो तह केला त्याची कथा सर्वांस ठाऊक आहे, आणि ती येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

राजे-सरदारांच्या ह्या हकीकतींत ज्यांचीं नांवें कोठेंच येत नाहींत, असे लोक मात्र ह्या चिखलांत रोज उतरत होते आणि आजहि उतरतात. किल्ल्याच्या पायथ्याशीं किल्लाबंदर आणि पाचूबंदर ह्या कोळ्यांच्या वस्त्या आहेत. ओहोटीस बायका कालवें फोडावयास, शिंपल्या वेंचावयास, चिंबोऱ्या आणि निवट्या धरावयास निघतात. निवटी हा मासा मोठा गमतीचा. पाणी ओसरलें कीं तो चिखलावरच राहतो, पुढच्या दोन परांनीं रांगतो, आणि माणसाची चाहूल लागतांच उड्या मारीत बिळांत शिरतो. त्याला धरणारास चिखलावर चालण्याची विद्या अवगत असावीच लागते. ही विद्या पुस्तकांत लिहिलेली नाहीं; पण तिच्यांतील तत्त्वें पाहिलीं तर पदार्थविज्ञानाशीं तंतोतंत जुळतात. जेथें तिवरांचीं मुळें वर आलेलीं असतात तेथें भुई धरून राहते, म्हणून पाऊल त्यांच्या लगत टाकावयाचें. जेथें गाळ काचेसारखा चकाकतो तेथें पाणी आंत कोंडलेलें असतें, तिकडे जावयाचें नाहीं. एका जागीं उभें राहावयाचें नाहीं. आणि परतण्याची वेळ समुद्राकडे पाहून ठरवावयाची नाहीं, ती निघतांनाच ठरलेली असते.

हा शेवटचा नियम शहरी माणसाला सर्वांत कठीण जातो, आणि त्याचें कारण आहे. भरती समोरून येते अशी त्याची कल्पना असते. समोर पाणी दूर दिसतें तोंवर तो निर्धास्त असतो. प्रत्यक्षांत सपाट किनाऱ्यावर पाणी प्रथम घळींतून व फांट्यांतून मागच्या बाजूस शिरतें, आणि माणूस उभा असतो तो उंचवटा बेट होऊन जातो. शिवाय पाणी एकसारख्या वेगानें चढत नाहीं. सहा तासांच्या भरतींत पहिल्या तासास एकंदर चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यास दोन हिस्से, तिसऱ्यास व चौथ्यास तीन-तीन, पांचव्यास दोन आणि सहाव्यास एक, असें दर्यावर्दी लोकांचें जुनें कोष्टक आहे. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मा समुद्र चढतो. शंभर पावलांस एक पाऊल उतार असलेल्या पुळणीवर चार मीटरची भरती आली, तर त्या दोन तासांत पाण्याची कड दोनशें मीटर पुढें येते. पहिल्या तासाची संथ चाल पाहून ज्यानें अंदाज बांधला तो येथें फसतो.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मोरकम नांवाचा उपसागर आहे. ओहोटीस तेथें कोसांच्या कोस वाळू आणि चिखल उघडा पडतो, आणि तो ओलांडून जाणारांसाठीं सोळाव्या शतकापासून राजघराण्याच्या जहागिरीकडून अधिकृत वाटाड्या नेमला जातो. तरीहि ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्रीं शिंपल्या वेंचावयास नेलेल्या चिनी मजुरांपैकीं किमान एकवीस माणसें तेथें भरतीच्या पाण्यांत बुडून मेलीं. त्या लोकांना ना जागा माहीत होती, ना वेळ, ना तेथील भाषा. ज्यांनीं त्यांना कामावर नेलें त्यांनीं वाटाड्याचा खर्च वाचविला. पेरिप्लसच्या काळीं भडोचच्या राजाला जें कळत होतें तें एकविसाव्या शतकांत एका प्रगत देशांतील मुकादमांना कळलें नाहीं, असें म्हणणें भाग पडतें.

वसईच्या मिठागरांचीं आणि खाजणांचीं बाब थोडी वेगळी आहे; तेथें माणूस समुद्रांत जात नसून समुद्रालाच बाहेर थोपवून ठेवतो. मातीचा बांध घालावयाचा, त्यांत ठिकठिकाणीं उघाड्या ठेवावयाच्या. भरती आली कीं उघाडीची फळी पाण्याच्या दाबानें आपोआप मिटते, ओहोटी लागली कीं आंतील पावसाचें पाणी तिला ढकलून बाहेर पडतें. कोंकणांत शिलोत्री पद्धतीनें गांवकरी हे बांध सामायिक राखीत. १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींसाठीं कायदा केला, आणि १९७९ सालीं महाराष्ट्र राज्यानें नवा कायदा करून ही जबाबदारी पुढें चालविली. ह्या योजनेंतील कच्चा दुवा एकच. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच वेळीं आलें तर उघाडी सहा तास मिटलेली राहते आणि आंतील पाण्याला वाट उरत नाहीं. जुलै २०१८ मध्यें वसईच्या मिठागरांत राहणारीं कुटुंबें पाण्यानें वेढलीं गेलीं, तेव्हां हीं खोलगट खारवटें वस्तीस किती अवघड आहेत तें सर्वांस दिसलें. तिवरांची तोड आणि खाजणांत टाकलेला भराव ह्यांमुळें पाणी सामावून घेणारी जागाच घटत चालली आहे. तिवरांना मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयांनीं संरक्षण दिलें आहे. कागदावरील संरक्षण चिखलापर्यंत पोंचण्यास मात्र वेळ लागतो.

सुट्टीच्या दिवशीं सुरूच्या बागेपासून भुईगांव, रानगांव, कळंब, राजोडीपर्यंतच्या पुळणी माणसांनीं फुलून जातात. ओहोटीच्या वेळीं वाळू घट्ट दिसते म्हणून कोणी मोटारहि खालीं उतरवितात. मोटारीचें ओझें चार लहानशा जागांवर पडतें, आणि वाळूखालीं गाळाचा थर असला तर चाक फिरवावें तितकें खोल जातें. मग भरती येते. अशा वार्ता वृत्तपत्रांतून वारंवार येतात. गाडी गेली तर पैशाचें नुकसान, पण गाडी वांचविण्याच्या नादांत माणसें कमरेइतक्या पाण्यांत उभीं राहतात, तें अधिक भयंकर. पावसाळ्यांत तर तिथीचें गणितहि पुरत नाहीं, कारण वाऱ्यानें उठलेली लाट भरतीच्या वर चढते. त्यासाठीं हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते पाहून निघावें.

चिखलांत पाय रुतलाच तर तो जोरानें वर ओढूं नये. पायाखालीं पोकळी होऊन ती पाय उलट खेंचून धरते, आणि दुसऱ्या पायावर भार पडून तोहि खोल जातो. अंग मागें टाकून बसावें, जरूर पडल्यास पाठीवर निजावें, म्हणजे शरीराचा भार पसरतो. मग एक पाय हळूहळू हलवीत त्याच्याभोंवतीं पाणी व हवा शिरूं द्यावी, आणि तो सैल झाल्यावर दुसरा. चपलांचा लोभ धरूं नये. सोडविणाराने तसेंच धांवत जाऊं नये. फळी, शिडी, झावळ्या, जें हातीं लागेल तें पुढें टाकून त्यावरून जावें, नाहींतर एकाचे दोन होतात. आणि ओहोटी संपत आली असेल तर खटपटींत वेळ न दवडतां पहिल्यानें पोलिसांस व अग्निशमन दलास कळवावें आणि पाचूबंदरच्या नाखव्याला हांक मारावी. होडी त्याच्याजवळ असते, फळीहि असते, आणि पाणी केव्हां वळणार हें त्याला पंचांग न उघडतां सांगतां येतें.